व्हिसा नको, पण परवानगी हवी

व्हिसाशिवाय सर्वाधिक देशांत प्रवेश मिळवून देणाऱ्या मोजक्या पासपोर्टांमध्ये दक्षिण कोरियाच्या पासपोर्टाची गणना होते. तरीही तो बाळगणाऱ्या नागरिकाला अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला जायचे असेल, तर विमानात बसण्यापूर्वी त्या देशाच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइल ॲपवर अर्ज भरून आणि शुल्क देऊन परवानगी मिळवावी लागते. या परवानगीला सहसा व्हिसा म्हणत नाहीत. तिच्यासाठी दूतावासात मुलाखत होत नाही, पासपोर्टावर शिक्काही उमटत नाही. मात्र ती नसेल तर इंचॉन विमानतळावरच प्रवास थांबतो. व्हिसामाफी आणि व्हिसा यांच्या मधोमध उभ्या राहिलेल्या या व्यवस्थेला प्रवासपूर्व ऑनलाइन परवानगी असे म्हणता येईल. गेल्या दीड दशकात ती इतक्या देशांनी स्वीकारली आहे की, व्हिसामुक्त प्रवास या कल्पनेचाच नव्याने विचार करण्याची वेळ आली आहे.

कोरियन समाजाला परदेशप्रवासाचे स्वातंत्र्य फार उशिरा मिळाले, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावी लागते. निव्वळ पर्यटनासाठी पासपोर्ट मिळणे ही १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत तेथे जवळजवळ अशक्य बाब होती. १९८३ मध्ये ५० वर्षांवरील नागरिकांना ती मुभा मिळाली, तीही बँकेत २० लाख वॉन वर्षभर ठेव म्हणून ठेवण्याच्या अटीवर. वयाची अट पूर्णपणे उठली ती सोल ऑलिंपिकनंतर, १ जानेवारी १९८९ रोजी. म्हणजे आधी स्वतःच्या सरकारने बाहेर जाऊ द्यावे यासाठी झगडलेल्या पिढीला पुढची दोन दशके परक्या सरकारांनी आत येऊ द्यावे यासाठी रांगेत उभे राहावे लागले. सोलच्या ग्वांगह्वामुन भागातील अमेरिकी दूतावासाच्या भिंतीलगत लागणारी व्हिसा अर्जदारांची रांग हे त्या काळातील शहराचे नित्याचे दृश्य होते. आज घरबसल्या काही मिनिटांत मिळणाऱ्या परवानगीकडे कोरियन माणूस मोठी सोय म्हणून पाहतो त्यामागे हा इतिहास आहे, आणि ही सोय खरी आहे हे मान्य केल्याशिवाय तिच्यावर न्याय्य टीका करता येणार नाही.

अमेरिकेने दक्षिण कोरियाला आपल्या व्हिसामाफी कार्यक्रमात सामील करून घेतले ते १७ नोव्हेंबर २००८ रोजी. ज्या देशातील नागरिकांचे व्हिसा अर्ज फेटाळले जाण्याचे प्रमाण तीन टक्क्यांहून कमी आहे त्याच देशाला या कार्यक्रमात घ्यावे असा मूळ निकष होता, आणि कोरिया त्याच्या किंचित बाहेर राहत होता. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांच्या चौकशी आयोगाने केलेल्या शिफारशी अमलात आणण्यासाठी २००७ मध्ये जो कायदा झाला, त्याने ही मर्यादा अटींसह १० टक्क्यांपर्यंत शिथिल करण्याचा अधिकार प्रशासनाला दिला आणि त्याच वेळी व्हिसामाफीने येणाऱ्या प्रत्येकाची आगाऊ इलेक्ट्रॉनिक छाननी बंधनकारक केली. कोरियाला त्यासाठी चिप बसवलेले पासपोर्ट काढावे लागले आणि प्रवाशांची माहिती अमेरिकेला पुरवण्याचे करार करावे लागले. दार उघडणे आणि दारावर नवा पहारा बसवणे ही दोन्ही कामे एकाच कायद्याने केली, हा या विषयाचा गाभा आहे. १२ जानेवारी २००९ पासून सक्तीची झालेली ही छाननी एस्टा या नावाने ओळखली जाते. तिची मुदत दोन वर्षे किंवा पासपोर्ट संपेपर्यंत यांपैकी जे आधी येईल तितकी असते, तिच्यावर एका खेपेस ९० दिवसांपर्यंत राहता येते, आणि प्रवासाच्या किमान ७२ तास आधी अर्ज करावा असा सल्ला दिला जातो. आरंभी निःशुल्क असलेल्या या अर्जाला सप्टेंबर २०१० पासून १४ डॉलर, मे २०२२ पासून २१ डॉलर आणि ३० सप्टेंबर २०२५ पासून ४० डॉलर पडू लागले.

इतर देशांची वाट याहून फारशी निराळी नाही. ऑस्ट्रेलियाने तर १९९६ मध्येच इलेक्ट्रॉनिक परवानगी सुरू केली होती. कॅनडाने २०१६ मध्ये, न्यूझीलंडने ऑक्टोबर २०१९ मध्ये आणि ब्रिटनने कोरियन नागरिकांसाठी ८ जानेवारी २०२५ पासून ती लागू केली. कॅनडाची परवानगी सात कॅनेडियन डॉलरमध्ये पाच वर्षांसाठी मिळते, म्हणून ती सर्वांत कमी जाचक मानावी लागेल. ब्रिटनने १० पौंडांपासून आरंभ करून तीन महिन्यांतच ते शुल्क १६ पौंडांवर नेले. युरोपीय संघाची इटियास ही व्यवस्था २०२६ च्या अखेरच्या तिमाहीत सुरू होणार असल्याचे जाहीर झाले आहे. तिचे शुल्क मूळ नियमात सात युरो होते. ते आरंभापूर्वीच २० युरो ठरले आहे, मात्र १८ वर्षांखालील आणि ७० वर्षांवरील प्रवाशांना त्यातून सूट आहे. ब्रिटनसाठीचा ८ जानेवारी २०२५ हाच दिवस अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया यांच्या नागरिकांनाही लागू झाला. त्यामुळे न्यू जर्सीत किंवा सिडनीत स्थायिक होऊन तेथील नागरिकत्व घेतलेल्या मराठी कुटुंबांनाही लंडनला नातेवाइकांकडे जाण्यापूर्वी तान्ह्या मुलासकट प्रत्येकाचा स्वतंत्र अर्ज भरावा लागतो. भारतीय पासपोर्टावर प्रवास करणाऱ्याला मात्र या देशांत अजूनही पूर्ण व्हिसाच लागतो. उलट दिशेने, रांजणगाव किंवा तळेगावच्या कारखान्यात येणाऱ्या कोरियन अभियंत्यालाही भारताचा व्हिसा घ्यावा लागतो. पर्यटन किंवा उद्योगासाठीच्या अल्प भेटीकरिता विमानतळावर पोहोचल्यावर व्हिसा मिळण्याची सवलत भारताने कोरियन नागरिकांना ऑक्टोबर २०१८ पासून दिली आहे.

ही व्यवस्था प्रत्यक्षात चालते ती विमान कंपनीच्या काउंटरवर. चेक-इनच्या वेळी प्रवाशाचा पासपोर्ट क्रमांक गंतव्य देशाच्या संगणक प्रणालीकडे पाठवला जातो आणि त्याला विमानात घ्यावे की नाही याचे उत्तर लगेच परत येते; नकार असतानाही त्याला नेले, तर दंड विमान कंपनीला भरावा लागतो. सीमेवरचा अधिकारी जे काम करीत असे त्याचा मोठा भाग अशा रीतीने हजारो किलोमीटर अलीकडे, एका खासगी कंपनीच्या कर्मचाऱ्याच्या हाती आला आहे. स्थलांतराचे अभ्यासक आरिस्टाइड झोलबर्ग यांनी १९२० च्या दशकात अमेरिकेने परदेशांतील आपल्या वकिलातींमार्फत सुरू केलेल्या व्हिसा-तपासणीला दूरनियंत्रण म्हटले होते. आजची परवानगी हा त्याच दूरनियंत्रणाचा पुढचा टप्पा आहे. फरक इतकाच की, वकिलातीतील अधिकाऱ्याला निदान प्रश्न विचारता येत असे, आणि त्याच्यापुढे कागद ठेवून आपली बाजू मांडता येत असे.

निर्णय पासपोर्टाच्या क्रमांकाशी बांधलेला असल्यामुळे एका अक्षराच्या चुकीलाही मोठे मोल चढते. डिसेंबर २०२१ पासून कोरियाने निळ्या रंगाचे नवे पासपोर्ट देण्यास आरंभ केला, ज्यांच्या क्रमांकात आकड्यांच्या मध्येही एक रोमन अक्षर येते. शून्य आणि त्याच्यासारखे दिसणारे अक्षर यांची गल्लत झाली, तर परवानगी मंजूर होऊनही ती त्या पासपोर्टाला लागू होत नाही. जुन्या हिरव्या पासपोर्टावर घेतलेली, मुदत शिल्लक असलेली परवानगीही नवा पासपोर्ट हाती येताच निरुपयोगी ठरते. मेक्सिको किंवा दक्षिण अमेरिकेकडे जाताना लॉस एंजेलिस किंवा डॅलस येथे केवळ विमान बदलायचे असले, तरी एस्टा लागते. अमेरिकेत पाऊलच ठेवायचे नाही असे समजून निघालेल्या प्रवाशाला हे बहुधा काउंटरवरच समजते. या अज्ञानावर जगणारी एक बाजारपेठही उभी राहिली आहे. सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी खासगी संकेतस्थळे शोधयंत्रात वरच्या जागा विकत घेऊन त्याच अर्जासाठी कित्येक पट रक्कम आकारतात आणि पासपोर्टाची माहितीही गोळा करतात. सरकारांनी शुल्क वाढवण्यात जी तत्परता दाखवली, तिच्या निम्मी तरी अशा संकेतस्थळांना आवर घालण्यात दाखवायला हवी होती.

परवानगी नाकारली जाण्याची कारणे नेहमी प्रवाशाच्या वर्तनातच असतात असे नाही, आणि कोरियाच्या बाबतीत याचे अतिशय बोलके उदाहरण आहे. अमेरिकेच्या २०१५ च्या कायद्यानुसार विशिष्ट देशांत जाऊन आलेल्या व्यक्तीला व्हिसामाफीचा लाभ मिळत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये उत्तर कोरियाला दहशतवादाचा पुरस्कर्ता देश म्हणून पुन्हा घोषित केल्यावर ऑगस्ट २०१९ पासून हा नियम १ मार्च २०११ नंतर उत्तर कोरियात गेलेल्या सर्वांना लागू झाला. दक्षिण कोरियाच्या सरकारने त्या वेळी दिलेल्या माहितीनुसार त्याच्या परवानगीने सीमेपलीकडे जाऊन आलेले सुमारे ३७ हजार नागरिक या कक्षेत येत होते, आणि सप्टेंबर २०१८ मधील प्याँगयांग शिखर परिषदेस राष्ट्राध्यक्षांबरोबर गेलेल्या शिष्टमंडळातील उद्योजकांचाही त्यांत समावेश होता. त्यांना अमेरिका बंद झाली नाही. पण त्यांना पुन्हा दूतावासाचा दरवाजा ठोठावून व्हिसा घेणे भाग पडले. दुभंगलेल्या देशातील समेटाच्या प्रयत्नांत स्वतःच्या सरकारच्या संमतीने जे सहभागी झाले, त्यांच्या नावापुढे परक्या संगणकात कायमची खूण उमटली, हे त्या नागरिकांवर अन्यायाचेच होते.

दुसरे उदाहरण परवानगी मिळाल्यानंतरच्या असुरक्षिततेचे आहे. ४ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात ह्युंदाई आणि एलजी यांच्या बॅटरी कारखान्याच्या बांधकामावर छापा पडला. तेथे ताब्यात घेतलेल्या ४७५ जणांपैकी तीनशेहून अधिक दक्षिण कोरियाचे नागरिक होते आणि त्यांतील अनेक जण एस्टावर किंवा अल्पमुदतीच्या व्यावसायिक व्हिसावर आलेले होते. एस्टावर व्यावसायिक बैठकांना हजर राहता येते, नोकरी करता येत नाही. पण यंत्रसामग्री बसवणे आणि ती चालू करून देणे हे या दोहोंपैकी कशात मोडते याबद्दल वर्षानुवर्षे संदिग्धता होती. कोरियन तंत्रज्ञांसाठी १५ हजार व्हिसांची स्वतंत्र तरतूद करणारे विधेयक अमेरिकी काँग्रेसमध्ये २०१३ पासून पुनःपुन्हा मांडले गेले आणि पडून राहिले. त्या पोकळीत कंपन्यांनी एस्टाचा आधार घेतला. कामगारांना बेड्या ठोकल्याची दृश्ये पाहून कोरियात संताप उसळला, आणि त्यानंतरच यंत्रे बसवणे, त्यांची देखभाल व दुरुस्ती करणे एस्टावर चालते असे अमेरिकेने दोन्ही देशांच्या चर्चेत स्पष्ट केले. जे स्पष्टीकरण एका परिपत्रकाने देता आले असते, त्यासाठी शेकडो माणसांना कोठडीत दिवस काढावे लागले.

एस्टाचा अर्ज भरताना प्रवासी ज्या मजकुराला संमती देतो त्यात आणखी एक कलम आहे, आणि ते फार थोडे लोक वाचतात. सीमेवरील अधिकाऱ्याने प्रवेश नाकारला किंवा देशाबाहेर काढण्याची कारवाई झाली, तर आश्रयाचा अर्ज वगळता त्याविरुद्ध दाद मागण्याचा हक्क तो प्रवासी सोडून देत असतो. एस्टा नाकारण्याच्या निर्णयाचे न्यायालयीन पुनरावलोकन होऊ शकणार नाही, असे तर अमेरिकी कायद्यातच लिहिले आहे. ब्रिटनच्या परवानगीतही नकाराविरुद्ध अपिलाची सोय नाही. याउलट इटियासच्या नियमावलीनुसार नकार देणाऱ्या देशाने कारण कळवणे आणि अर्जदाराला त्या देशाच्या कायद्यानुसार अपील करू देणे बंधनकारक आहे. लाखो अर्ज यंत्राने तपासूनही कारण देणे आणि दाद ऐकणे शक्य आहे, हे युरोपने निदान कायद्याच्या पातळीवर मान्य केले आहे. अमेरिकेने मात्र डिसेंबर २०२५ मध्ये समाजमाध्यमांवरील गेल्या पाच वर्षांची माहिती एस्टासाठी सक्तीची करण्याचा प्रस्ताव मांडला. जितकी अधिक माहिती मागायची तितकी अधिक उत्तरदायित्वाची हमी द्यायची, हे तत्त्व त्यात कोठेही दिसत नाही.

कोरिया या व्यवस्थेचा केवळ ग्राहक नाही. सप्टेंबर २०२१ पासून त्याने स्वतः व्हिसामुक्त देशांच्या नागरिकांसाठी के-ईटीए ही परवानगी १० हजार वॉन शुल्काने सक्तीची केली. एप्रिल २०२३ पासून अमेरिका, जपान, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांच्यासह २२ देश व प्रदेशांना पर्यटनवाढीसाठी तिच्यातून तात्पुरती सूट मिळाली आणि पुढे ती वाढवत नेण्यात आली. थायलंडला मात्र मिळाली नाही. कोरियात बेकायदा राहणाऱ्या परदेशी नागरिकांत थाई लोकांची संख्या सर्वाधिक आहे, ही कोरियन प्रशासनाची चिंता निराधार म्हणता येत नाही. परंतु परवानगी नाकारल्या गेलेल्या किंवा ती मिळूनही इंचॉनहून परत पाठवलेल्या थाई प्रवाशांना आपल्याला का अडवले याचे स्पष्ट कारण कळत नव्हते. २०२३ च्या अखेरीस थायलंडमधील समाजमाध्यमांवर कोरियावर बहिष्काराची हाक उठली ती यातूनच. कोरियन नागरिक मात्र थायलंडमध्ये व्हिसाशिवाय ९० दिवस राहू शकतो.

जॉर्जियातील प्रकरणानंतर सोलने वॉशिंग्टनकडे जे मागितले ते स्पष्ट नियम आणि माणुसकीची वागणूक, आणि ती मागणी सर्वस्वी रास्त होती. ती अधिक वजनाने मांडायची असेल, तर कोरियाच्या न्यायमंत्रालयाने के-ईटीएच्या प्रत्येक नकारात कारण लिहावे, त्याविरुद्ध दाद मागण्याची मुदत आणि जागा नेमून द्यावी, आणि ही दुरुस्ती थाई अर्जदारांपासून सुरू करावी. त्यासाठी कोणत्याही परक्या सरकारची संमती लागत नाही.