सहा पंचे तीस!

बालदोस्तांनो,

टीव्हीवरची एखादी जाहिरात किती सेकंदांची असते, मोजलंय कधी? पुष्कळशा वीस नाहीतर तीस सेकंदांच्या असतात. पाणी प्यायला उठलेला माणूस परत येईपर्यंत संपतातसुद्धा! पण ते तीस सेकंद भरायला किती घाम गाळावा लागतो, हे मला यंदा कळलं.

आमची शाळा दोनशिक्षकी. पहिलीतली मुलं दरवर्षी कमी होत चाललेली. म्हटलं, गुढीपाडव्याआधी शाळेची जाहिरातच करू या. दुसरे गुरुजी प्रशिक्षणाला गेलेले. म्हणजे लेखिका मी, दिग्दर्शिका मी आणि छायाचित्रकारही मीच. सामान काय? एक मोबाईल, चार विटा, छत्री, पांढरा पुठ्ठा आणि घरची गोधडी.

आधी मुलांच्या पालकांना विचारलं. मग कागदावर सहा चौकोन आखले. एका चौकोनात एक दृश्य, एक दृश्य पाच सेकंदांचं. सहा पंचे तीस!

मोबाईल विटांच्या फटीत आडवा बसवला. मी उभी राहणार तिथे आधी छत्री ठेवून चौकट ठरवली. पहिल्यांदा खिडकीकडे पाठ करून उभी राहिले, तर चेहरा काळाकुट्ट! उजेड मागून आला की असंच होतं. मग खिडकीकडे तोंड केलं, अंधाऱ्या बाजूला पुठ्ठा टेकवला. त्यावरून उजेड परतला आणि चेहरा उजळला. आवाजात मात्र वारा घोंगावत होता. म्हणून बोलणं रात्री घरी, डोक्यावरून गोधडी घेऊन, वेगळं मुद्रित केलं.

पाचव्या चौकोनात होता आमचा संगणक. एका मुलीला त्याच्यासमोर बसवलं. ती हळूच म्हणाली, "बाई, पण हा तर बंद आहे ना?"

मी गप्पच झाले. कॅमेरा खोटं बोलत नाही म्हणतात, पण त्याला बोलायला लावता येतं, दोस्तांनो!

"मग काय दाखवू या गं?" मी विचारलं. ती धावत परसबागेत गेली. "आम्ही लावलेला वाल!"

मला दादासाहेब फाळके आठवले. १९१२ साली त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोप वाढताना एकेक चौकट टिपत गेले. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसली. ती इवलीशी चित्रफीत पाहून त्यांना भांडवल मिळालं आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. आपल्याला काय येतं, ते त्यांनी नुसतं सांगितलं नाही, करून दाखवलं.

आम्हीही संगणक वगळला, वाल घेतला. जाहिरात गावात मोबाईलवर फिरली. एका आजींनी मला वाटेत गाठलं. "वाल खरंच पोरांनी लावलाय?"

"येऊन बघा की!"

दुसऱ्या दिवशी त्या नातवाला घेऊन आल्या. आधी परसबाग बघितली, शेंग हातात धरून बघितली, आणि मगच नातवाचं नाव घातलं.

आता तुमची पाळी. आईची चकली असो, बाबांचं सायकलदुरुस्तीचं दुकान असो, आधी सहा चौकोन आखा. आणि प्रत्येक चौकोनाला एकच प्रश्न विचारा : कुणी बघायला आलं, तर हे दाखवता येईल ना?

तुमच्या,
बाई