पानांआडचा ड्रोन

दिवाळीच्या सुमारास इथे न्यू जर्सीत मेपल-ओकची पानं झडू लागतात आणि माझ्यासारख्या ड्रोनवेड्यांचा सुगीचा काळ सुरू होतो. उन्हाळ्यात ज्या झाडीमागे गेल्याबरोबर पडद्यावरचं चित्र अडखळतं, तिथेच डिसेंबरात ते बरंच स्वच्छ दिसतं.

कारण सोपं आहे. आपले बहुतेक ड्रोन २.४ किंवा ५.८ गिगाहर्ट्झवर बोलतात. पहिल्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटीमीटर, दुसरीची पाच. म्हणजे पान आणि लहर जवळपास एकाच मापाची! पानं-डहाळ्या लहरी विखरून टाकतात आणि पानांतलं पाणी त्यांची ऊर्जा पिऊन टाकतं. म्हणून पावसात भिजलेली झाडी जास्त नडते आणि पाइन तर थंडीतही नडतो. ५.८ला हा जाच अधिक. रिमोटवर सोय असेल तर झाडीत २.४ निवडावं. खोक्यावर छापलेलं अंतर मोकळ्या मैदानातलं असतं, हेही विसरू नये.

आणखी एक गोष्ट. ड्रोन डोळ्यांना दिसतोय म्हणजे लहरीची वाट मोकळी आहे, असं नाही. ही वाट दोऱ्यासारखी नसते; विटीसारखी टोकांना निमुळती, मध्ये फुगीर असते. तिला फ्रेनेल झोन म्हणतात. एक किलोमीटर अंतरासाठी २.४ला मधला फुगवटा चहूबाजूंनी साडेपाच मीटरचा. त्यात शेंडे घुसले, की सिग्नल खालावतो.

सिग्नल तुटला, की बरेच ड्रोन ठरवलेल्या उंचीवरून आपोआप परततात. ती उंची वीस मीटर आणि वाटेतला ओक पंचवीस मीटर असेल तर? खाली आपल्या सहलीतली पोरं खेळत असतात. म्हणून उडवण्याआधी परतीची उंची सर्वांत उंच झाडापेक्षा वर ठेवा. मात्र ४०० फुटांची कायदेशीर मर्यादा पाळा. स्वतः झाडाखाली नव्हे, मोकळ्यावर उभे राहा. ड्रोन नजरेआड करू नका. इथला नियमही तेच सांगतो.

आणि हो, गावाकडच्या भाच्यासाठी बॅगेत ड्रोन नेऊ नका. फेब्रुवारी २०२२पासून भारतात तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. त्याने तिथलाच घेतला, तर एवढं जरूर सांगा: कोकणातल्या आंब्या-फणसाला आपल्या मेपलसारखी पानगळ नसते. तिथे बारा महिने जपूनच उडवायचं!