कालचे आज आठवणारी कार्टून्स



आपल्या पत्रिकेत पुरणपोळीपासून पायथागोरसपर्यंत सगळे विषय येऊन गेले, पण कार्टूनचा विषय अजून कोणी काढलेला नाही. पालकांना तो लिहिण्याच्या लायकीचा वाटत नाही आणि मुलांना तो मराठीत लिहिता येत नाही! म्हणून हे काम आम्हीच अंगावर घेतो. ज्यांच्या घरी टीव्हीवर बंदी आहे त्यांनीही शेवटपर्यंत वाचावे, कारण आमचे म्हणणे मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे.

आमचा धंदा सॉफ्टवेअरचा. त्यामुळे कोणत्याही गोष्टीकडे पाहताना आम्हांला पहिला प्रश्न पडतो तो हा की, हिला स्मरणशक्ती आहे की नाही? बहुतेक कार्टून मालिकांना ती नसते. या आठवड्यात अर्धे शहर जमीनदोस्त होते, पुढच्या आठवड्यात तेच शहर नव्या कोऱ्या खिडक्यांसह उभे असते. कोणाला खरचटलेले नसते, कोणी कोणावर रागावलेले नसते. संगणक बंद करून पुन्हा चालू केला की जसे सगळे मूळपदावर येते, तसे.

यामागे व्यवहार आहे. पूर्वी अमेरिकेत पुष्कळशा मालिका ठिकठिकाणच्या वाहिन्यांना घाऊक विकल्या जात. वाहिनीला कोणताही भाग कोणत्याही दिवशी लावता यावा, आणि एखादा भाग चुकला तरी मुलाचे काही अडू नये, अशी अपेक्षा असे. शिवाय बऱ्याच मालिका खेळणी खपवण्यासाठीच निघत. आमच्या लहानपणी दूरदर्शनवर लागणारा 'ही-मॅन' घ्या. मॅटेल कंपनीची खेळणी १९८२ साली आली आणि त्यांच्या पाठोपाठ १९८३ मध्ये मालिका. भागाच्या शेवटी एखादे पात्र पुढे येऊन दोन शब्द उपदेश करून जायचे. गोष्टीत कशाचाच परिणाम होत नसला की उपदेश असा वेगळा चिकटवावा लागतो.

पण याच काळात आणि पुढे काही मालिका अशा निघाल्या की ज्यांना कालचे आज आठवत होते. एखादा भाग चुकला तर पुढचा समजायचा नाही, हा त्या काळी त्यांचा दोष ठरला. आमच्या मते त्यांचे मोठेपण तेच आहे. आता पहिल्या भागापासून ओळीने पाहण्याची सोय झाली आहे, तेव्हा त्यांच्याकडे पुन्हा पाहायला हवे.

आमची सर्वांत लाडकी म्हणजे डिस्नेची 'गार्गॉइल्स'. ती १९९४ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. गार्गॉइल म्हणजे युरोपातल्या जुन्या चर्चच्या छपरावर पावसाचे पाणी बाहेर फेकणारे अक्राळविक्राळ दगडी तोंड. आपल्याकडच्या गोमुखाचा दूरचा आणि जरा रागीट भाऊ म्हणा. या मालिकेत ते जिवंत आहेत. दिवसा दगड, रात्री योद्धे. इ. स. ९९४ मध्ये स्कॉटलंडमधला एक किल्ला ते राखत असतात. ज्यांना ते राखतात ती माणसेच त्यांचा तिरस्कार करतात. दगा होतो, बहुतेकांची दगडी शरीरे दिवसाउजेडी फोडली जातात आणि उरलेल्या मूठभरांना शाप मिळतो की, हा किल्ला ढगांच्या वर जाईपर्यंत तुम्ही दगडच राहाल. हजार वर्षांनी झॅनाटोस नावाचा एक धनाढ्य गृहस्थ तो किल्ला न्यूयॉर्कला आणून आपल्या गगनचुंबी इमारतीच्या माथ्यावर उभारतो. शाप तुटतो. सूर्य मावळल्यावर मंडळी जागी होतात तो खाली मॅनहॅटन!

आपल्यापैकी कोणाला ही गोष्ट ओळखीची वाटणार नाही? घर सगळे बरोबर आणले आहे, फक्त खालची जमीन बदलली आहे. त्यात एक बारकावा फार सुंदर आहे. जुन्या देशात या मंडळींना, त्यांचा नायक गोलायथ सोडला, तर नावेच नव्हती. सगळे एकमेकांना ओळखत, नावाची गरजच काय? इथे आल्यावर ते नव्या गावातली नावे घेतात : हडसन, ब्रुकलिन, ब्रॉडवे, लेक्सिंग्टन. कुत्र्याचे नाव ब्राँक्स. इथे आणि तिथे दोन्हीकडे चालेल असे बाळाचे नाव शोधताना ज्यांनी याद्यांवर याद्या केल्या, त्यांना हे पाहताना गंमत वाटेल आणि थोडे गलबलूनही येईल.

आता मुद्द्याचा भाग. पहिल्याच वर्षी 'डेडली फोर्स' नावाची एक कथा आहे. ब्रॉडवे हा भोळा, खादाड गडी एक काउबॉय चित्रपट पाहून येतो. डोक्यात बंदुकाच बंदुका. त्यांची मैत्रीण एलायझा ही पोलीस डिटेक्टिव्ह. तिच्या घरी तिचे पिस्तूल बाहेरच राहिलेले असते. हा ते हातात घेऊन खेळतो आणि गोळी सुटून तिलाच लागते. कार्टूनमध्ये खरी गोळी, खरी जखम, खरे हॉस्पिटल! आणि शेवटी चूक एकाच्या गळ्यात मारलेली नाही. पिस्तूल उघड्यावर ठेवणारी आणि ते उचलणारा, दोघेही आपापला वाटा मान्य करतात. पुढच्या भागात कथा पूर्ण वेगळी आहे, पण एलायझा कुबड्या घेऊन चालते. आमच्या धाकट्याने त्या कुबड्या पाहून जे विचारले ते कोणत्याही उपदेशानंतर विचारले नव्हते : "अजून दुखतंय तिला?"

इथे आल्यावर आपण गाडीचा विमा, घराचे कर्ज, शाळेचा जिल्हा, सगळ्यांची बारकाईने चौकशी करायला शिकलो. पण मुलाला मित्राच्या घरी रात्री राहायला पाठवताना, "तुमच्याकडे बंदूक आहे का? असल्यास कुलपात असते ना?" हे विचारायला आपली जीभ रेटत नाही. ज्याच्या घरी जायचे त्यालाच असे विचारणे आपल्या वळणात बसत नाही. इथले बालरोगतज्ज्ञ मात्र हा प्रश्न जरूर विचारा म्हणून सांगतात. शाळेत मुले गोळीबाराच्या वेळी कसे लपायचे याची कवायत करून येतात आणि घरी त्यावर बोलायला आपल्यापाशी शब्द नसतात, कारण आपल्या बालपणात हे नव्हतेच. आमच्या घरी ते बोलणे त्या कुबड्यांपासून सुरू झाले. त्यानंतर आम्ही तो प्रश्न दोन घरी विचारला. एका घरी थोडी शांतता पसरली. दुसऱ्या घरी बाईंनी उठून कपाटाचे कुलूप दाखवले.

याच विषयावर 'स्टॅटिक शॉक' या मालिकेत २००२ साली 'जिमी' नावाचा भाग झाला. शाळेत सतत छळ होणारा एक मुलगा वडिलांचे पिस्तूल घेऊन येतो आणि झटापटीत नायकाच्या जिवलग मित्राच्या पायाला गोळी लागते. नायकाला वीज वश आहे, पण विजेचा इथे काही उपयोग नाही. या भागाला ह्युमॅनिटास पारितोषिक मिळाले. तरी ही मालिका आमच्या ओळखीच्या दहा घरांत विचारली तर आठ जणांनी नावही ऐकलेले नसते.

'स्टॅटिक शॉक' २००० ते २००४ या काळात चालली. भाग ५२. तिचा नायक व्हर्जिल हॉकिन्स हा काळ्या वस्तीतला शाळकरी मुलगा. मूळ कॉमिक्स १९९३ चे, माइलस्टोन या कंपनीचे. ड्वेन मॅकडफी आणि त्याच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्यांनी ती काढली होती. व्हर्जिलची आई दंगलीत गेलेली आहे, वडील वस्तीतले समाजकेंद्र चालवतात, मोठी बहीण सारखी टोचून बोलते. इथेही स्मरणशक्ती आहे. सुरुवातीचा एक खलनायक, रबरासारखा ताणला जाणारा (विजेचे रबरापुढे काही चालत नाही, हे शास्त्र बरोबर आहे!), पुढे सुधारतो आणि चक्क व्हर्जिलच्या बहिणीबरोबर फिरू लागतो. व्हर्जिलचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

त्यातल्या एका कथेत व्हर्जिल आपल्या गोऱ्या मित्राच्या, रिचीच्या, घरी जातो. रिचीचे वडील काळ्या लोकांविषयी जे बोलतात ते त्याच्या कानावर पडते. रिचीला इतकी लाज वाटते की तो घर सोडून निघून जातो आणि मग दोघांचे वडील मिळून त्याला शोधायला निघतात. गाडीतले ते दोन बाप पाहताना आम्हांला आपली आठवण झाली. आपल्या जेवणावळींत 'त्या' लोकांविषयी काय काय बोलले जाते ते आपल्याला ठाऊक आहे. मराठीत बोलतो, म्हणून कोणाला कळत नाही असे आपण धरून चालतो. पण रविवारी सकाळी उठवून, गाडीत घालून, या वर्गात आणून आपण मुलांना मराठी शिकवली आहे. त्यांना सगळे कळते, आणि त्यांचा जिवलग मित्र बहुधा 'त्यां'च्यापैकीच असतो.

तिसरी मालिका 'स्पेक्टॅक्युलर स्पायडर-मॅन', २००८ ची. चित्रे पाहून पुष्कळांनी ती बाजूला टाकली. मोठे डोळे, साध्या रेघा, 'हे लहान मुलांचे दिसते' असा शेरा. त्यांच्यासाठी थोडे गणित. बावीस मिनिटांच्या भागात सेकंदाला बारा चित्रे धरली तरी १५,८४० चित्रे होतात. नायक प्रत्येक चित्रात आहे असे मानून त्याच्या पोशाखावर फक्त चार रेघा वाढवल्या, तर साठ हजारांहून जास्त रेघा वाढल्या. पैसा तेवढाच, म्हणजे हालचाल कमी करणे आले. इथे रेघा कमी ठेवल्या म्हणून तो कोळी इतका सळसळून उड्या मारतो. आम्हांला विशेष आवडलेली गोष्ट म्हणजे भागांची नावे. ती शाळा-कॉलेजातल्या विषयांवरून दिलेली आहेत : आधी जीवशास्त्र, मग अर्थशास्त्र, मग रसायन. दुसऱ्या वर्षाची सुरुवात चक्क इंजिनिअरिंगने होते, आणि त्यातल्या एका भागाचे नाव 'शिअर स्ट्रेंग्थ'! कॉलेजात याच विषयाने आम्हांला घाम फोडला होता.

या मालिकेत पीटर पार्करला एकीकडची वेळ पाळली की दुसरीकडची चुकते आणि ज्याची चुकली तो माणूस ते विसरत नाही. मे काकूंचा हृदयविकार, मित्र हॅरीला लागलेले व्यसन, हे सगळे पुढच्या भागांत येत राहते. शेवटही पीटरच्या मनासारखा होत नाही. मात्र हा शेवट ठरवून केलेला नव्हता. टीव्हीचे हक्क सोनीकडून मार्व्हलकडे परत गेले, त्याच वर्षी, २००९ मध्ये, डिस्नेने मार्व्हल विकत घेतले आणि मालिका २६ भागांवर थांबली. एवढी चांगली मालिका प्रेक्षक नाहीत म्हणून बंद पडली असती तर एक वेळ समजले असते.

मोठ्या पडद्यावरच्या सुपरहिरोंबद्दल फारसे लिहीत नाही. त्यांना आमच्या शिफारशीची गरज नाही. एक अपवाद करतो. २०२३ च्या स्पायडर-मॅनच्या चित्रपटात पवित्र प्रभाकर नावाचा भारतीय स्पायडर-मॅन आला तेव्हा मुलांनी थिएटरात टाळ्या पिटल्या. ते पात्र मुळात २००४ मध्ये भारतात निघालेल्या कॉमिक्समधले, मुंबईत धोतर नेसून उड्या मारणारे. तेव्हा त्याच्याकडे फार थोड्यांनी पाहिले. (प्रभाकर म्हटले की आमच्या पिढीला बँकेत नोकरी करणारे काका आठवतात, त्याला आमचा इलाज नाही.) आम्ही स्वतः इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ मराठीत वाचून वाढलो. आमच्या मुलांचे नायक इंग्रजी बोलतात, ते तसेच बोलणार. पण त्या गोष्टी घरी सांगायच्या कोणत्या भाषेत, हे आपल्या हातात आहे. वर्गातल्या बाईंची तक्रार असते की मुले एका शब्दात उत्तर देतात. स्मरणशक्ती नसलेल्या कार्टूनवर 'मस्त होतं' याखेरीज बोलण्यासारखे काही नसतेच. एलायझा कुबड्या का घेते हे सांगायचे तर 'कारण', 'म्हणून', 'आधी', 'तरीसुद्धा' असे सगळे शब्द लागतात. आमची थोरली ते अडखळत का होईना, मराठीत सांगते, कारण तिला ते सांगायचे असते.

याच 'गार्गॉइल्स'मध्ये म्हाताऱ्या हडसनला वाचता येत नाही आणि त्याची त्याला लाज वाटते. एक अंध लेखक त्याला बोटांनी वाचायची ब्रेल लिपी दाखवतो, आणि वाचता न येण्यात लाज नाही, तसेच राहण्यात आहे, असे समजावतो. मग तो हजार वर्षांचा आजोबा अक्षरे गिरवायला लागतो. बाराखडीला कंटाळलेल्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांना आणून सोडणाऱ्या, पण स्वतः गेल्या दहा वर्षांत एक मराठी पुस्तक न उघडलेल्या पालकांनी हा भाग शेजारी बसून पाहावा.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी : 'गार्गॉइल्स'चे पहिले पाच भाग मिळून एकच गोष्ट आहे, ते एका शनिवार-रविवारी होतात. मालिकेचे एकूण भाग ७८, पण पहिले ६५ पाहावेत. उरलेले तेरा १९९६-९७ मधले आहेत. त्यांतल्या पहिल्या भागानंतर मूळ कर्ता ग्रेग वाइझमन मालिकेतून बाहेर पडला होता आणि ते जाणवते. आमच्या मुलांनी ते आमच्या नकळत शोधून पाहिले आणि नाक मुरडले, याचा आम्हांला फार आनंद झाला. 'स्पेक्टॅक्युलर स्पायडर-मॅन'चा कर्ताही हाच वाइझमन, व्हिक्टर कुकच्या जोडीने. 'स्टॅटिक शॉक'मधला 'जिमी' हा भाग लहान मुलांना एकट्याने पाहू देऊ नये. आम्ही तो मुलांना दाखवण्याआधी रात्री एकदा पाहून घेतला आणि दाखवताना मध्ये दोनदा थांबवला.