नळ्या तयार, टॉर्पेडोंची प्रतीक्षा

इटलीच्या ‘वास सबमरीन सिस्टिम्स’ या कंपनीकडून ४८ जड टॉर्पेडो घेण्याचा १,८९६ कोटी रुपयांचा करार संरक्षण मंत्रालयाने ३० डिसेंबर २०२५ रोजी केला. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधल्या गेलेल्या कलवरी वर्गातील सहा पाणबुड्यांसाठी ही खरेदी आहे. करारानुसार पुरवठा एप्रिल २०२८ मध्ये सुरू होऊन २०३०च्या प्रारंभी पूर्ण व्हायचा आहे. या मालिकेतील पहिली पाणबुडी, ‘कलवरी’, नौदलात दाखल झाली ती १४ डिसेंबर २०१७ रोजी आणि सहावी, ‘वागशीर’, १५ जानेवारी २०२५ रोजी. म्हणजे पाणबुडी समुद्रात उतरल्यानंतर तिच्या तोलामोलाचा टॉर्पेडो तिच्या नळीत पोहोचायला दहा वर्षांहून अधिक काळ लागणार. मधल्या काळात या पाणबुड्या निःशस्त्र होत्या असे नव्हे. त्यांच्याकडे एक्झोसेट क्षेपणास्त्रे आहेत, आणि टॉर्पेडो म्हणून जर्मन बनावटीचे एसयूटी आहेत. पण हे एसयूटी १९८०च्या दशकातील शिशुमार वर्गाच्या पाणबुड्यांसाठी घेतलेल्या पिढीतले. नव्या धनुष्याला जुना बाण लावून वेळ भागवली गेली, इतकाच त्याचा अर्थ.

नळीत बसेल तो टॉर्पेडो चालेल, मग अडचण कसली, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर नळीच्या रचनेतच आहे. टॉर्पेडोची नळी म्हणजे दोन दारांची एक अरुंद खोली. एक दार पाणबुडीच्या आत उघडते, दुसरे समुद्रात. दोन्ही एकाच वेळी उघडली तर पाणबुडी संपलीच. म्हणून एक उघडे असताना दुसरे हलूच नये असा यांत्रिक अडसर त्यात बसवलेला असतो. जगभर रूढ असलेला नळीचा व्यास ५३३ मिलिमीटर. दोनशे मीटर खोलीवर एवढ्याशा दारावर समुद्राचा भार पडतो तो सुमारे ४५ टनांचा. तेव्हा सहा मीटरच्या आसपास लांबीचा, दीड टनाच्या घरातील टॉर्पेडो मागच्या दाराने आत सरकवायचा, दार बंद करायचे, पाणबुडीतल्याच टाकीतील पाणी नळीत सोडायचे, आतला दाब बाहेरच्या दाबाइतका करायचा, आणि मगच पुढचे दार उघडायचे.

पूर्वी टॉर्पेडो संपीडित हवेच्या झोताने ढकलला जाई. त्या हवेचा बुडबुडा पृष्ठभागावर आला तर पाणबुडीचा ठावठिकाणा जाहीर व्हायचा, म्हणून ती हवा परत आत ओढून घेण्याची झडप बसवावी लागे. आधुनिक पाणबुड्यांत बहुधा पंप किंवा दट्ट्या वापरून पाण्याच्या लोटानेच टॉर्पेडो बाहेर काढतात. काही टॉर्पेडो स्वतःच पोहत बाहेर पडतात. टॉर्पेडो गेला की त्याच्या जागी पाणी शिरते. दोघांच्या वजनात फरक असतो. तो टाक्यांमधून लगेच भरून काढला नाही, तर पाणबुडीचा तोल बिघडतो. पुन्हा भरताना नळीतले पाणी आतल्या टाकीत उतरवायचे. आणि हे सारे शक्य तितके निःशब्द; कारण नळी भरल्याचा, दार उघडल्याचा आवाजही शत्रूच्या कानांना कळतो.

खरी गोष्ट याच्या पुढे सुरू होते. आधुनिक जड टॉर्पेडो सुटतो तो आपल्यामागे एक बारीक तार उलगडत. त्या तारेवरून पाणबुडी त्याला दिशा सांगते, तोही आपल्याला काय ऐकू येते ते कळवतो. तार जोडलेली असेपर्यंत त्या नळीचे दार मिटता येत नाही. म्हणजे नळी ही तोफेच्या नळीपेक्षा संवादाचे टोक अधिक. पाणबुडीचा सोनार, तिची युद्धप्रणाली आणि टॉर्पेडो यांची भाषा एक नसेल, तर व्यास जुळून उपयोग नाही. डीआरडीओने विकसित केलेला विजेवर चालणारा स्वदेशी जड टॉर्पेडो कलवरी वर्गावर बसविण्यासाठी ३० डिसेंबर २०२४ रोजी फ्रान्सच्या नेव्हल ग्रुपशी ८७७ कोटी रुपयांचा करार करावा लागला, तो याच कारणाने. शस्त्र आपले, पाणबुडी आपल्या गोदीतली. पण तिचा मेंदू फ्रेंच.

अणुपाणबुडीत या यंत्रणेचे तत्त्व बदलत नाही. अणुभट्टी वेग देते, महिनोन्‌महिने पाण्याखाली राहण्याची मुभा देते. मारा करायचा तो त्याच नळ्यांतून. अमेरिकेच्या अणुपाणबुड्यांत नाकाडाची जागा मोठ्या सोनारने व्यापल्यामुळे नळ्या मागे सरकवून तिरप्या बसवल्या गेल्या, हा तपशिलाचा फरक. मात्र विश्वासार्ह टॉर्पेडो नसेल तर अणुशक्तीलाही मर्यादा पडतात. फॉकलंड युद्धात २ मे १९८२ रोजी ब्रिटनच्या ‘कॉन्करर’ या अणुपाणबुडीने अर्जेंटिनाची ‘जनरल बेल्ग्रानो’ ही क्रूझर बुडवली. ३२३ जण मृत्युमुखी पडले. ‘कॉन्करर’वर तारेने नियंत्रित होणारे नवे टायगरफिश टॉर्पेडो होते. कप्तानाने त्यांच्यावर भरवसा न ठेवता दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले, सरळ धावणारे मार्क ८ डागले. त्यासाठी अर्थात लक्ष्याच्या बरेच जवळ जावे लागले. समोरच्या नौकांना पाणबुडीची चाहूल नव्हती म्हणून ते साधले. दरवेळी साधेलच असे नाही.

टॉर्पेडो घरातही घातक ठरू शकतो. १२ ऑगस्ट २००० रोजी रशियाच्या ‘कुर्स्क’ या अणुपाणबुडीत हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालणाऱ्या टॉर्पेडोचा स्फोट झाला आणि ११८ जण गेले. १४ ऑगस्ट २०१३च्या मध्यरात्री मुंबईच्या नौदल गोदीत ‘सिंधुरक्षक’ स्फोटांनी बुडाली, १८ नौसैनिकांसह. शस्त्रसाठा आणि माणसे एकाच पोलादी कवचात नांदतात, तिथे जुन्या शस्त्रांचे आयुष्य किती ताणावे याला सीमा असते.

मग विलंब का झाला? इटलीच्या ‘ब्लॅक शार्क’ टॉर्पेडोची निवड या पाणबुड्यांसाठी आधीच झाली होती; संख्या होती ९८. परंतु उत्पादक कंपनी ज्या फिनमेकॅनिका समूहाची, त्याचेच नाव अतिमहत्त्वाच्या व्यक्तींच्या हेलिकॉप्टर खरेदीतील लाचखोरीत आले आणि २०१६ मध्ये टॉर्पेडोंचा प्रस्ताव गुंडाळला गेला. भ्रष्टाचाराच्या आरोपानंतर व्यवहार थांबवणे समजण्यासारखे आहे. पण थांबवताना पर्याय उभा करायचा नाही, ही आपली जुनी खोड. १९८७ मध्ये एचडीडब्ल्यू प्रकरण उद्भवले, आणि ‘शाल्की’ व ‘शंकुल’ बांधून झाल्यावर माझगावच्या कारागिरांचे पाणबुडीबांधणीचे कसब वाया गेले. दोन्ही वेळा शिक्षा झाली ती कंपनीपेक्षा नौदलालाच अधिक. अखेर नऊ वर्षांनी आपण त्याच टॉर्पेडोच्या सुधारित आवृत्तीकडे परतलो. ९८च्या जागी ४८, म्हणजे सरासरीने पाणबुडीमागे आठ. प्रत्येकीची क्षमता अठरा शस्त्रांची आहे. क्षेपणास्त्रे आणि सुरुंगही त्यातच. स्वदेशी टॉर्पेडोने उरलेली जागा भरावी, असा हिशेब यामागे दिसतो. तो चूक नाही, मात्र स्वदेशी टॉर्पेडो वेळेवर बसला तरच बरोबर.

‘अरिहंत’ आणि ‘अरिघात’ यांचे मुख्य काम अण्वस्त्रे वाहण्याचे, टॉर्पेडो स्वसंरक्षणापुरते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाल्याचे वृत्त असलेल्या दोन हल्लेखोर अणुपाणबुड्यांचे तसे नाही. शत्रूच्या पाणबुड्या आणि युद्धनौकांचा माग काढून त्यांच्यावर नळीतून वार करणे हेच त्यांचे प्रयोजन राहील. १९७१ मध्ये दीवजवळ पाकिस्तानच्या ‘हंगोर’ने ‘खुकरी’ला काही मिनिटांत तळाशी धाडले आणि १९४ जण गमावले, तेव्हा टॉर्पेडोची किंमत आपल्याला समजली आहे. या नव्या पाणबुड्यांचा टॉर्पेडो कोणता, त्याची युद्धप्रणाली कोणाची, चाचण्या केव्हा, हे सांगाड्याचे पोलाद कापण्याआधी ठरले पाहिजे आणि त्यासाठीचा पैसाही त्याच मंजुरीत असला पाहिजे.