पेटुनियाला पसरू द्या

हिवाळा आला की पुण्या-नाशिकच्या गॅलऱ्यांत पेटुनियाच्या टांगत्या कुंड्या झुलू लागतात. दुर्दैवाने त्यांत रोपे अक्षरशः कोंबलेली असतात. पसरणाऱ्या जातींवर हा अन्यायच आहे.

या जातींना जगभर नाव मिळाले ते जपानमुळे, तेही दोन मद्य कंपन्यांमुळे! सनटोरीने 1989 मध्ये ‘सर्फिनिया’ बाजारात आणली. किरीनच्या ‘पर्पल वेव्ह’ने 1995 मध्ये अमेरिकेतला ‘ऑल-अमेरिका सिलेक्शन्स’ पुरस्कार पटकावला. ‘पर्पल वेव्ह’ची उंची जेमतेम वीतभर, पसारा मात्र तीन-चार फुटांचा. मग बारा इंची कुंडीत एक रोप पुरते, फार तर दोन. वाफ्यातही दीड-दोन फूट अंतर हवेच.

बी खसखशीहून बारीक. ते मातीआड करू नये, कारण रुजायला उजेड लागतो. पाऊस ओसरताना पेरावे.

पुढे ऊन भरपूर आणि खत नियमित हवे. पाणी रोज घातले की खतातला नत्र वाहून जातो, पाने पिवळी पडतात, आणि दोष बिचाऱ्या रोपवाटिकेला लागतो. आठवड्या-दोन आठवड्यांनी पातळ द्रवखत द्यावे. वेली लांबून मध्यभाग उघडा पडला, तर त्या निर्धास्तपणे निम्म्याने छाटाव्यात. काही आठवड्यांत पुन्हा बहर येतो.