बंदी यंत्रावर नको, पिण्याच्या पाण्यावर हवी



‘गाड्या धुणारी यंत्रे बंद करा’ हे वाचकपत्र वाचले. पत्रलेखकांची पाण्याविषयीची कळकळ रास्त आहे. रोख मात्र चुकला आहे. यंत्रात चहूबाजूंनी फवारे सुटतात, म्हणून ती उधळपट्टी वाटते. पण चांगल्या केंद्रात ते पाणी जमिनीखालच्या टाकीत उतरते. तिथे गाळ बसतो, तेल-ग्रीस वेगळे होते आणि गाळलेले पाणी पुन्हा सुरुवातीच्या धुण्याला वापरले जाते. ताजे पाणी लागते ते मुख्यतः शेवटच्या फवाऱ्याला, नाहीतर काचेवर क्षारांचे डाग उरतात. याउलट, मिनिटाला १० लिटर पाणी सोडणारी नळी सोसायटीच्या आवारात १० मिनिटे चालली, की १०० लिटर पाणी साबणासकट गटारात जाते. त्याचा हिशेब कोणी मागत नाही.

अर्थात, पुनर्वापराची सोय प्रत्येक केंद्रात नसते. म्हणून महापालिकेने परवाना देतानाच ती सक्तीची करावी आणि बोअरवेलवरही मीटर बसवावे. मार्च २०२४ मधील टंचाईत बंगळुरूच्या जल मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यास मनाई केली आणि ५,००० रुपये दंड ठेवला. रोख पाण्यावर होता, यंत्रावर नव्हे.

एक बादली पाणी आणि ओले फडके सर्वांत काटकसरीचे, हे पत्रलेखकांचे म्हणणे मान्यच. मग सोसायटीतल्या नळीलाही त्यांनी तितक्याच जोराने विरोध करावा.

— एक वाचक, कोथरूड, पुणे