गाडी ओढताय? आधी पट्टा बघा. भंगारातला बेल्ट जिवावर बेतू शकतो

बजाजनगर : चांगला पाऊस झाला की आमच्या गंगापूर तालुक्यातल्या गावांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो, "पाणंदीत गाडी फसली, ट्रॅक्टर घेऊन या." माणसं हातातलं काम टाकून जातात. या बाबतीत आपल्याकडं कुणी नाही म्हणत नाही. पण ओढायला काय न्यायचं, ते कुठं अडकवायचं आणि आपण उभं कुठं राहायचं, हे विचारणारा एखादाच.

सप्टेंबर २०२५ ची अतिवृष्टी आठवा. मराठवाड्यात रानं पाण्याखाली, वापसा येईना, तरी माल तर काढावाच लागतो. काळी चिकन माती पाणी प्याली की फुगते आणि चाक धरून ठेवते. पाणंद रस्त्यांसाठी २०२१ मध्ये मातोश्री योजना आली, काही ठिकाणी खडी-मुरूम पडलाही. पण जिथं पडला नाही तिथं दोरी, साखळी नाहीतर पट्टा, हाच आपला रस्ता.

आता मुद्द्याचं. वाळूजची औद्योगिक वसाहत शेजारी असल्यानं आपल्याला एक गोष्ट स्वस्तात मिळते. कारखान्यात क्रेननं माल उचलायचे रंगीत पट्टे वापरून झाले की भंगारात येतात. दिसायला जाडजूड, भाव किलोवर. मीपण घेतला होता एक पिवळा. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात माझी कांद्याची ट्रॉली बांधाजवळ रुतली, दोन ट्रॅक्टर लावले, तिसऱ्या हिसक्याला पट्टा तुटला. टोकाला लावलेला लोखंडी हुक माझ्या पुतण्याच्या डोक्यावरून गेला आणि बाभळीच्या खोडात घुसला. पोरगं वाकून चप्पल काढत होतं म्हणून वाचलं. दोष कुणाला द्यायचा? पट्टा मीच आणलेला.

नंतर एका कारखान्यात क्रेनवर काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाला तो तुकडा दाखवला. त्यानं बघितल्या बघितल्या विचारलं, "याचं लेबल कुठंय?" लेबल नव्हतं. त्यांच्याकडं लेबल गेलं, शिवण उसवली, कड कापली, नाहीतर वेल्डिंगच्या ठिणगीनं डाग पडला, की तो पट्टा बाद. म्हणजे जे कारखान्यानं धोक्याचं म्हणून काढून टाकलं, ते आपण आणून ट्रॅक्टरला लावतो.

पट्ट्याचा रंग उगाच नसतो. जांभळा एक टन, हिरवा दोन, पिवळा तीन, करडा चार, लाल पाच टन. हे वजन सरळ उचलायचं. नवा पट्टा त्याच्या सातपट जोरापर्यंत तुटू नये असा बनवलेला असतो, पण तो राखीव जोर जुन्या, उन्हात पडलेल्या पट्ट्यात राहत नाही. त्याला गाठ मारली की ताकद निम्म्यावर येते. आणि गाठ तर आपण मारतोच.

मग लागतो किती जोर? लष्करात अडकलेल्या गाड्या काढणारे एक ढोबळ हिशेब धरतात. नुसतं चाक रुतलं तर गाडीच्या वजनाइतका, मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट, त्याच्याही वर गेली तर तिप्पट. मालासकट तीन टनांचा पिकअप मडगार्डपर्यंत गेला तर सहा टन ओढ लागणार. त्यातले दीड टन कांदे उतरवले की तीन टनांवर काम भागतं. पोती उतरवायचा कंटाळा येतो, खरंय. पण माझ्या मते फसलेल्या गाडीत सगळ्यात महाग पडतो तो हाच कंटाळा.

म्हणून पट्ट्याच्या आधी फावडं. चाकापुढची माती काढून उतार करा, पोटाखाली चिकटलेली माती मोकळी करा. चाकाखाली पऱ्हाट्या, तुराट्या, बारदाना, फळी, जे असेल ते घाला. जीप-थारसारख्या गाडीच्या टायरमधली हवा निम्म्यावर आणली तर बऱ्याचदा ओढायचीही गरज पडत नाही. रस्त्याला लागल्यावर हवा भरून घ्या, तोवर हळू चालवा.

तरी ओढायचंच असेल तर लेबल असलेला नवा पॉलिस्टरचा पट्टा घ्या, आणि जोडायला हुक नको, शॅकल घ्या, ज्याच्यावर टनांचा आकडा उठवलेला आहे असं. आकडा नसलेलं शॅकल म्हणजे नुसतं वाकवलेलं लोखंड. हा पट्टा ताणत नाही, म्हणून त्यानं हिसका द्यायचा नाही. आधी ढील काढायची, मग सगळ्यात खालच्या गिअरमध्ये सावकाश ओढायचं. थारवाली पोरं जो जाड नायलॉनचा दोर मागवतात तो वेगळा. तो वीस-तीस टक्के ताणतो आणि परत ओढतो, म्हणून पळत येऊन झटका देता येतो. पण तो गाडीच्या वजनाप्रमाणे घ्यावा लागतो, आणि चेसिसला पक्क्या बसवलेल्या हुकालाच लावायचा. बंपर, ट्रॉली जोडायचा गोळा, वाहतुकीत गाडी बांधायची कडी, यांना लावला तर तेच तुटून गोळीसारखं येतं.

दोर ताणला की त्याच्या मधोमध ओलं पोतं किंवा जड गोधडी टाका. तुटला तर उसळी कमी होते, थांबत मात्र नाही. म्हणून दोराच्या दीडपट लांब उभं राहायचं, बाजूला. दोर ओलांडायचा नाही आणि दोराच्या रेषेत कुणी नको. मोबाइलवर शूटिंग करणारे नेमके तिथंच उभे असतात.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायची आहे, कारण यात पट्टा शाबूत असला तरी माणूस जातो. साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारलाच. टॉप लिंकला किंवा वर धुऱ्याला बांधली तर पुढचं तोंड उचलतं आणि एक-दीड सेकंदात ट्रॅक्टर चालकावर उलटा पडतो. क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांना डोक्यावर लोखंडी चौकटही नसते. आणि ट्रॅक्टर स्वतः रुतला की मागच्या चाकांना आडवी बल्ली बांधायची, ही आपली जुनी युक्ती. बल्ली अडकली, चाक फिरेना, की इंजिन अख्खा ट्रॅक्टर धुऱ्याभोवती फिरवतं. त्यापेक्षा माती काढून रिव्हर्समध्ये प्रयत्न करा, नाहीतर दुसऱ्या ट्रॅक्टरनं मागून ओढा.

प्रत्येकानं नवं सामान घ्यावं असं मी म्हणत नाही, परवडणारही नाही. एक चांगला पट्टा, दोन शॅकल, दोन फावडी, एवढं ग्रामपंचायतीत किंवा गटाकडं ठेवलं तर वाडीवस्तीला पुरतं. वाळूजच्या कारखान्यांकडूनही एक मागणं आहे. बाद केलेला पट्टा भंगारात देण्याआधी मधोमध कापून द्या. खर्च काही नाही, एका कटरचं काम. माझ्याकडचा उरलेला तुकडा मी तसाच कापला, आता गोठ्याच्या फाटकाला बांधलाय.